तिसऱ्या बांधीचा राजमा

१

चोवीस थैल्यांपैकी सहा थैल्यांची शिवण पांढरी निघाली, आणि लाखनीच्या गोदामात टेबलाभोवती बसलेल्या एकाही शहाण्याला ती आपणहून दिसली नाही. मला दिसली. मी तीस वर्षं वजनमापे निरीक्षक होतो. काट्याखाली चिकटवलेलं चुंबक, आतून पोकळ केलेली वजनं, पारड्याला हळूच लागणारा अंगठा, हे बघण्यात माझी उमर गेली आणि माणसाबद्दल चांगलं मत ठेवायची सवय त्यातच मोडली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. पण चाचणीचं धान्य मोजताना कोणी त्रयस्थ साक्षीदार लागतो, म्हणून या लोकांनी मला बोलावलं होतं. मान म्हणजे एक चहा आणि दोन बिस्किटं.

मामला राजम्याचा होता. धान निघालं की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या बांध्या, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी अडवलेली धानाची शेतं, ओल टिकेल तोवर लाखोळी-जवसाला जातात. त्यांत राजमा घेता येईल का, आणि आठ वाणांतला कोणता, हे ठरवायला संशोधन केंद्राने तीन ठिकाणी चाचणी लावली होती. लाखनीच्या सरकारी फार्मवर नळ सोडला की पाणी, तिथे खुंटीही उगवते. गोसीखुर्द धरणाच्या एका पुनर्वसित गावातली चाचणी रानडुकरांनी खाल्ली. राहिलं एकोडी. तिथे खऱ्या तलावाखाली, वरून थेंब पाणी न देता, आठही वाण तीन बांध्यांत तीनदा पेरले होते. एका बांधीत नशिबाने पुढे गेलेला वाण दुसरीत उघडा पडावा, हा हेतू. प्रत्येक बांधीत वाणांचा क्रम वेगळा. थैलीच्या तोंडाशी शिवलेल्या चिठ्ठीवर वाणाचं नाव नाही, फक्त वाफ्याचा नंबर. कोणत्या वाफ्यात कोणता वाण, हे सांगणारा नकाशा केंद्राकडे. एकोडीचा निकाल तोच जिल्ह्याचा निकाल, आणि जिंकेल त्या वाणाचं बी पुढच्या हिवाळ्यात चारशे बांध्यांत जाणार होतं.

टेबलाच्या टोकाला निकाल समितीच्या अध्यक्ष तृप्ती मॅडम, वरच्या ऑफिसातून आलेल्या, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणाऱ्या. शेजारी केंद्राचे प्रभारी आनंदराव. मार्च महिन्यात, धान्याच्या गोदामात, पांढरे बूट. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा केंद्राच्या वाटणीत तराजू तिकडे गेले आणि इकडे खुर्च्या आल्या, असं लोक म्हणतात. आनंदरावांना बघितलं की खरं वाटतं. त्यांचा सहायक अतुल मोबाईलमध्ये तोंड घालून बसला होता. चौथा भुपेंद्र, एका खाजगी बियाणे कंपनीचा माणूस, ज्याच्या कंपनीचा सात नंबरचा वाण चाचणीत होता आणि ज्याचं हसू कधी संपत नव्हतं. पाचवी रत्नमाला. चाचणी तिच्या बांध्यांत होती, आणि पेरणीपासून मळणीपर्यंत सगळं काम तिच्या बचत गटाच्या बायांनी केलं होतं.

"ह्या थैल्या कोणी शिवल्या?" मी विचारलं.

"आमीच शिवल्या काकाजी," रत्नमाला म्हणाली. "निळ्या दोऱ्यानं. माझी बहीण गोसीले राहते, तिच्याकडचा जाळ्याचा दोरा आहे. तुटत नाई."

अठरा थैल्यांवर निळा दोरा होता. सहांवर पांढरा. प्रत्येक बांधीतल्या दोन-दोन.

सगळं मोजून झाल्यावर आनंदरावांनी लिफाफ्यातून नकाशा काढला आणि ताडून बघितला. मग खुर्चीत मागे रेलले. पहिल्या बांधीत पाच नंबरचा वाण एक किलो एकशे चाळीस ग्रॅम, सात नंबर एक किलो नऊशे वीस. दुसऱ्या बांधीत तीच गत. तिसऱ्या बांधीत दोघेही मधलेच, चौदाशेच्या आसपास. आणि उघडलेल्या सहाही थैल्या नेमक्या पाच आणि सात नंबरच्या.

"पाच-सात मले नाई माहीत साहेब," रत्नमाला म्हणाली. "पण पांढऱ्या फुलाचा जो होता ना, तिन्ही बांध्यांत त्याचाच ढीग मोठा होता. साऱ्या बायांनी पाह्यला."

"आठांत पांढऱ्या फुलांचा एकच. पाच नंबर," आनंदराव म्हणाले. "आणि तोच कमी भरतोय. मग दाणे गेले कुठे, बाई? बी पाहिजे होतं ना तुमच्या गटाला?"

तिचा चेहरा उतरला. मी माझ्या तीस वर्षांच्या सवयीने बोललो. "तुमची पिशवी रिकामी करा," मी तिला म्हटलं.

तिने केली. टेबलावर एक डबा, एक वही, एक निळ्या दोऱ्याचं रीळ आणि एक दाभण पडली.

"दाभण," आनंदराव म्हणाले, आणि पोलिसांचा नंबर शोधू लागले.

२

मी त्या दाभणीकडे बघत होतो आणि माझं मलाच कसंतरी झालं. जिच्या पिशवीत निळ्या दोऱ्याचं अख्खं रीळ आहे, ती बाई चोरी लपवायला पांढरा दोरा कशाला वापरेल? एवढं साधं मला पिशवी रिकामी करायला लावण्याआधी सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

मी तिची वही उघडली. अक्षर टपोरं, नोंदी तारीखवार. मळणीच्या दिवशी चोवीस थैल्या ताणकाट्यावर एकदम टांगून घेतलेलं वजन लिहिलं होतं: छत्तीस किलो चारशे. मी आजच्या चोवीस वजनांची बेरीज केली. पस्तीस किलो नऊशे.

"मॅडम, अकरा दिवसांत उन्हं दाखवली तर अर्धा किलो वाळतंच," मी म्हटलं. "कमी भरलेल्या दोन थैल्यांतूनच दीड किलो दाणे चोरले असते तर बेरीज साडेचौतीसच्या खाली आली असती. यांतून कोणी मूठभरही नेलेलं नाही. चोरी झालीच नाही."

"मग थैल्या उघडल्या कशाला?" मॅडमनी पहिल्यांदा घड्याळावरून नजर काढली.

"चिठ्ठ्या बदलायला."

भुपेंद्रचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं. आनंदराव मात्र जागेवरच होते. "कल्पना छान आहे टिकारामजी. पण सिद्ध कसं करणार? आठही वाण लाल चित्र्या दाण्याचे. आठही थैल्या एकत्र ओतल्या तर मलासुद्धा सांगता येणार नाही, कोणता दाणा कुठला. नकाशा सांगेल तेच खरं. नकाशे दोन आहेत, एक माझ्या ड्रॉवरमध्ये, एक अतुलकडे. दोन्ही कुलपात."

"आणि गोदामाची चावी?"

चावी ऑफिसच्या खिळ्याला. येणारा-जाणारा कोणीही काढून नेईल. रत्नमाला तीनदा आली होती थैल्या उन्हात टाकायला, अतुल रोज यायचा, भुपेंद्र सहज गप्पा मारायला येऊन बसायचा, आणि आनंदरावांचं तर ऑफिसच होतं. कुलपावर मात्र सरकारचा लाल रंग होता. अशी आमची सुरक्षा.

मॅडमनी मला आठ दिवस दिले. पुढच्या सोमवारी निकालावर सही होणार. तोवर काही सापडलं नाही, तर सात नंबर जाहीर, रत्नमालाचा गट बियाण्याच्या यादीतून बाद आणि तिच्या नावाने पोलिसांत तक्रार.

उठताना माझी बशी ज्या कागदावर ठेवली होती तो मी उचलला. घडीपत्रिका होती, गुळगुळीत, रंगीत. 'भंडाऱ्याच्या बांधीसाठी राजमा वाण क्रमांक सात', वर आनंदरावांचा हसरा फोटो, खाली प्रती पाच हजार. कोपऱ्यात बारीक अक्षरात छपाईचा महिना होता, जानेवारी.

राजम्याची मळणी मार्चमध्ये झाली होती.

३

दुसऱ्या दिवशी एसटीने एकोडीला गेलो. थांब्यावर उतरलो तेव्हा डांबरी रस्ता, त्याच्या कडेला तीन बांध्या, आणि बांध्यांच्या पलीकडच्या टोकाला तलावाची पार, म्हणजे मातीचा बंधारा. वाफ्यांच्या खुंट्या अजून उभ्या होत्या. प्रत्येक बांधीत आठ, रस्त्यापासून तलावाकडे एक ते आठ.

रत्नमाला घरीच होती. मला बघून तिने पाणी आणलं, पण "जयभीम काकाजी" एवढंच म्हणाली आणि बाजूला उभी राहिली. बोलली तिची सासू, धुरपता. सत्तरीची बाई, पण जीभ पाजळलेली.

"चोर समजून राहिले का माझ्या सुनेले?"

"मी समजत नाही."

"काल तर समजत होते म्हणे."

मी विषय बदलला. वहीत नोव्हेंबरच्या पानावर एक ओळ होती, 'तिसरी बांधी उलटी पेरली गेली', आणि तिच्याखाली रेघ. ती मी दाखवली.

"त्या दिवशी अतुल सर दोन बांध्यांत उभे होते," रत्नमालाने सांगितलं. "तिसरीच्या वेळी त्यायले फोन आला, मॅच का काय होती. बियाच्या पुड्या आमच्या हातात देल्या, एक ते आठ. मने, ओळीनं टाका. अन् गेले. मी दुसऱ्या बांधीचं बी झाकून राहिली होती. इकडे ह्या आत्यानं अन् बाकीच्या बायांनी तिसरी सुरू केली."

"तलावाकडून," धुरपता म्हणाली. "अजून कोठून करतेत? आमच्या गावात सारं तलावापासून मोजतेत. पयली बांधी, पयलं घर, पयला नांगर. पाणी जिकडून येते तिकडून मोजाव का जिकडून मोटार येते तिकडून?"

म्हणजे पहिली पुडी, जी रस्त्याकडच्या पहिल्या खुंटीला जायला हवी होती, ती तलावाकडच्या आठव्या खुंटीला गेली. दुसरी सातव्या खुंटीला. असं शेवटपर्यंत. पहिल्या दोन बांध्या नकाशाप्रमाणे, तिसरी आरशासारखी उलट.

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाही?"

"संध्याकाळीच अतुल सराले सांगतलं. ते मने, मी पाहून घेतो."

"अन् त्या कंपनीवाल्या पोरालेही मीच सांगतलं," धुरपता म्हणाली. "फुलं आली तवा फोटो काढाले आलता. माझ्या राजम्यात बसून पोझ देऊन राहिला होता. मी मनलं, बाबू, ह्या बांधीत तुमचे सारे नंबर उलटे आहेत, नीट पाहून फोटो काढ."

"आणि आनंदराव साहेब?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी आल्यापासून पहिल्यांदा.

"साहेबाची गाडी येते," धुरपता म्हणाली. "रस्त्यावर थांबते. काच खाली होते. काच वर होते."

मी दाण्यांबद्दल विचारलं. आठही सारखेच दिसतात, मग पांढऱ्या फुलाचा वाण आता ओळखायचा कसा? धुरपताने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कधी शाळेतच गेलो नव्हतो. ती उठली, कुडाजवळच्या वालाच्या दोन वेलांशी मला घेऊन गेली. एकाला पांढरी फुलं होती, त्याचं खोड हिरवं. दुसऱ्याला जांभळी, त्याचं खोड बुंध्यापर्यंत जांभळट.

"फुलाचा रंग कोंबातच असते," ती म्हणाली. "बी भिजू घाला. आठ दिसांत पोटातलं ओठावर येते. माणसाचं नाई येत."

आठ दिवस माझ्याकडे नव्हते. सात होते.

४

मॅडमना फोन करून परवानगी घेतली आणि अतुलच्या देखत चोवीस थैल्यांतून प्रत्येकी दहा दाणे काढले. ओल्या पोत्यावर चोवीस ओळी मांडल्या, प्रत्येक ओळीला वाफ्याचा नंबर. पोतं ठेवलं माझ्याच घरी, परसात, कोंबड्यांपासून लांब.

अतुल दाणे मोजताना घामाघूम झाला होता. मी त्याला सरळ विचारलं, तिसरी बांधी उलटी पेरली गेली हे तू आनंदरावांना सांगितलंस का?

"नाही काकाजी." त्याने मान खाली घातली. "सांगितलं असतं तर विचारलं असतं, तू कुठे होता. माझी ऑर्डर अजून टेम्पररी आहे. मी ठरवलं होतं, शेवटच्या तक्त्यात गुपचूप दुरुस्ती करून घेईन. माझ्या डायरीत लिहून ठेवलंय, तारखेसहित. फुलांची नोंद घेतली तेव्हाही उलट्या क्रमानंच लिहिली."

डायरी दाखवली. खरं होतं. एवढी शिकलेली पोरं, आणि हिंमत एका पानाएवढी. ते पानसुद्धा कुलपात ठेवतात.

"मग परवा टेबलावर का नाही बोललास? त्या बाईवर आळ येत होता."

त्याने डायरी मिटली आणि माझ्या हातात दिली.

भुपेंद्र सापडला हायवेच्या धाब्यावर. मी काही विचारायच्या आत त्याने दोन प्लेट भजी मागवली. "अंकल, हम तो बिझनेसवाले हैं," तो म्हणाला. "आपला वाण जिंकावा, वाटणारच. पण चिठ्ठ्या बदलायच्या तर नकाशा पाहिजे ना. मागितला होता मी, खोटं कशाले बोलू. आनंदराव साहेब म्हणाले, तुम्हाला नकाशाची गरजच नाही, निकाल आलेलाच समजा."

"केव्हा म्हणाले?"

"जानेवारीत. पत्रिका छापाले दिल्या तेव्हा." आणि त्याने कौतुकाने मोबाईल पुढे केला. "हे बघा, मी खुद शेतात गेलो होतो. बाकी कोण जातो?"

फोटोत तो तिसऱ्या बांधीत उकिडवा बसला होता, दोन बोटं वर करून. मागे तलावाची पार. त्याच्या गुडघ्याजवळची खुंटी स्पष्ट वाचता येत होती, तिसऱ्या बांधीची सात नंबरची खुंटी. आणि त्या वाफ्यात सगळीकडे पांढरी फुलं होती.

मी तो फोटो माझ्या मोबाईलवर मागून घेतला. त्याने आनंदाने पाठवला. आपण काय देतोय हे त्याला कळलं नाही, आणि भज्यांचे पैसेही त्यानेच दिले.

५

शनिवारी पहिले कोंब वर आले. रविवारी चोवीसही ओळी उभ्या होत्या. एकवीस ओळी बुंध्याशी जांभळट, तीन ओळी स्वच्छ हिरव्या. प्रत्येक बांधीची एकेक.

मी नकाशाची प्रत घेऊन परसात उकिडवा बसलो. पहिल्या बांधीतली हिरवी ओळ ज्या चिठ्ठीची होती, नकाशा तिला सात नंबरचा वाण म्हणत होता. वजन एक किलो नऊशे वीस. दुसऱ्या बांधीतही तसंच. म्हणजे पाच नंबरच्या भरलेल्या थैल्यांना सात नंबरची चिठ्ठी लागली होती. माझा अंदाज बरोबर ठरला, यात मला फार आनंद झाला नाही. एवढं कोणालाही जमलं असतं.

मजा तिसऱ्या बांधीत होती. तिथे नकाशाप्रमाणे पाच नंबरचा वाण दुसऱ्या वाफ्यात आणि सात नंबरचा सहाव्या वाफ्यात. पांढऱ्या शिवणीच्या थैल्या त्याच दोन. पण दोन्हींचे कोंब जांभळे. हिरवा कोंब निघाला सातव्या वाफ्याच्या थैलीत, जिला कोणी हात लावला नव्हता, जिच्यावर अजून निळा दोरा होता. वजन एक किलो आठशे साठ.

जो कोणी थैल्या उघडून बसला होता, त्याने तिसऱ्या बांधीत इमानेइतबारे दोन भलत्याच वाणांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली होती.

मग आत जाऊन मॅडमना फोन लावला आणि एकच मागणी केली. उद्या येताना आनंदरावांची दौरा-डायरी मागवा.

६

सोमवारी पोतं गुंडाळून रिक्षात घातलं आणि गोदामात टेबलावर पसरलं. मातीचे डाग पडले म्हणून आनंदरावांनी खुर्ची मागे घेतली. रत्नमाला दाराशी उभी होती. या वेळी तिने पिशवी आणली नव्हती.

मी कोंब दाखवले. मॅडम उठून जवळ आल्या, वाकून एकेक बुंधा बघितला. भुपेंद्रचं हसू या वेळी परत आलं नाही.

"म्हणजे चिठ्ठ्या बदलल्या, हे मान्य," आनंदराव म्हणाले. "दुर्दैवी आहे. पण चावी खिळ्यालाच होती. कोणीही असू शकतं. या बाई तीन वेळा आल्या होत्या."

"या बाईंकडे नकाशा नाही," मी म्हटलं. "भुपेंद्रकडेही नाही, त्याने मागितला तरी मिळाला नाही. तुम्हीच सांगितलं, नकाशे दोन. एक अतुलकडे, एक तुमच्याकडे. बरोबर?"

"बरोबर. मग अतुल—"

"थांबा. आधी तुमची डायरी." मॅडमनी ती माझ्यासमोर सरकवली. सुंदर लिहिलेली होती. एकोडी, पाच दौरे. "पाच डिसेंबर, उगवण तपासली. आठ जानेवारी, 'तिन्ही बांध्यांत प्रत्यक्ष फिरून फुलोऱ्याची नोंद घेतली, तिसऱ्या बांधीत विशेष पाहणी.' ही तुमचीच सही?"

"अर्थात. मी शेतात जाणारा अधिकारी आहे. माझा तो लौकिक आहे."

"तिसऱ्या बांधीत पाच नंबरचा वाण कुठल्या वाफ्यात होता?"

"दुसऱ्या." नकाशा न बघता त्यांनी उत्तर दिलं. पाठच होतं.

मी भुपेंद्रचा फोटो टेबलावर ठेवला. सातवी खुंटी, पांढरी फुलं. फोटोवर तारीख आठ जानेवारी. मग अतुलची डायरी ठेवली. मग रत्नमालाची वही, रेघ मारलेली ओळ वर करून.

"तिसरी बांधी तलावाकडून पेरली गेली होती साहेब," मी म्हटलं. "बायांना माहीत होतं, अतुलला माहीत होतं, कंपनीच्या माणसालाही धुरपताबाईंनी सांगितलं होतं. ज्याने चिठ्ठ्या बदलल्या त्याला मात्र माहीत नव्हतं. त्याच्या हातात नकाशा होता आणि शेत त्याने पाहिलेलं नव्हतं. नकाशा असलेल्या दोघांपैकी अतुलला माहीत होतं. राहिलं कोण?"

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते.

"मी पाहिलं होतं," आनंदराव म्हणाले. "डायरीत आहे ना. मी त्या दिवशी तिथे होतो."

"तर मग पांढरी फुलं सातव्या वाफ्यात होती हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि ठाऊक असूनही आत्ता तुम्ही आम्हाला दुसरा वाफा सांगितला. का?"

डायरी खरी म्हणावी तर आत्ताचं बोलणं खोटं पडत होतं. डायरी खोटी म्हणावी तर शेत न पाहिलेला, नकाशावाला माणूस तेच उरत होते. पाच हजार घडीपत्रिकांवर छापलेला स्वतःचा हसरा फोटो खोटा पडू नये, एवढ्यासाठी या माणसाने चार महिन्यांची बायांची मेहनत दोऱ्याने शिवून टाकली होती. मला राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी मोठं लागतं.

"रस्त्यावरून दिसतं ना सगळं," शेवटी ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मॅडमना परत विचारावं लागलं. "गाडीतून दिसतं. उतरायची काय गरज असते दरवेळी."

"लाखनीच्या फार्मवर सात नंबर चांगलाच आला होता," ते पुढे म्हणाले. "एकोडीतही आलाच असता."

"फार्मवर पाणी आहे साहेब," दारातून रत्नमाला म्हणाली. "आमच्या बांधीतली ओल फेब्रुवारीच्या शेवटाले सरते. तुमचा सात नंबर तवा शेंगाच भरून राहिला होता. पाच नंबर तोवर खळ्यात आला होता. तेच तर पाहाले लावली होती ना चाचणी?"

मॅडमनी पेन उघडलं. तिसऱ्या बांधीचा क्रम उलटा करून, तिन्ही बांध्यांच्या बदललेल्या चिठ्ठ्या परत फिरवून, त्यांनी तक्ता नव्याने लिहिला. पाच नंबर तिन्ही बांध्यांत पहिला आला. सही केली. दुसरा कागद आनंदरावांबद्दल होता, तो त्यांनी वाचून दाखवला नाही, पिशवीत घातला. अतुललाही एक कागद मिळाला. त्याने तो न वाचता खिशात ठेवला, तसाच, जसं सगळं ठेवतो.

घडीपत्रिकांचे गठ्ठे पुढे धाब्यावर गेले. आता लाखनीत भजी आनंदरावांच्या फोटोवर मिळतात.

मी पोतं गुंडाळत होतो. मनातून मी खूश होतो, लपवत नाही. चार वर्षांनी कोणाचा तरी अंगठा पारड्यावर पकडला होता. रत्नमाला कोंब मोडू नयेत म्हणून पोत्याचं दुसरं टोक धरायला आली. मला वाटलं, आता ही आभार मानेल. मी 'अगं, त्यात काय' म्हणायची तयारीही करून ठेवली होती.

"काकाजी," ती म्हणाली, "त्या दिवशी टेबलाभोवती पाच जणांच्या पिशव्या होत्या. साहेबाची बॅग होती, मॅडमची पर्स होती, भुपेंद्रची सुटकेस होती, अतुल सराची पाठीवरची होती."

"हो."

"तुमी माझीच काहून रिकामी कराले लावली?"

मी तीस वर्षं लोकांच्या काट्यांखाली हात घालून बघितलं. आनंदरावांच्या त्या बॅगेत पांढऱ्या दोऱ्याचं रीळ असेलही. मी बघितलंच नाही. बघावं असं मनातसुद्धा आलं नाही. टेबलाशी बसलेली, एकोडीहून आलेली, साध्या पिशवीची बाई दिसली आणि माझा हात तिकडेच गेला. तिला काय सांगणार होतो मी, सवय होती म्हणून?

"चुकलं माझं," मी म्हटलं. गोदाम रिकामं झालं होतं. चूक सगळ्यांसमोर केली होती, कबुली कोणी नसताना देत होतो, हेही माझ्या लक्षात आलं.

तिने पोत्याची गुंडाळी माझ्या हातात दिली. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं.

"तुमीबी रस्त्यापासूनच मोजाले सुरुवात केली काकाजी," ती म्हणाली, आणि एसटी धरायला निघून गेली.